एक बेट, तीन राजधान्या

(तृतीय वर्ष, सिव्हिल, मुलींचे वसतिगृह)

मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीलाच माफी मागते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ‘अनुस्वार’ हा शब्द मी पहिल्यांदा अकरावीत ऐकला. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता. का, ते शेवटी कळेल.

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या आधी हॉस्टेलच्या गच्चीवर क्विझ झाली होती, आठवतंय? तीच ती. मधेच उजळाईवाडीचं विमान डोक्यावरून गेलं आणि अर्धा प्रश्न कुणाला ऐकूच आला नाही. प्रश्न असा होता : आफ्रिकेच्या पश्चिमेला, विषुववृत्तापाशी एक लहान बेट आहे. बेटाचं आणि त्याच्या राजधानीचं नाव एकच. कोणतं? राजधान्या म्हणजे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचा हातखंडा! मी बझर दाबला आणि ठणकावून सांगितलं, “मालाबो!” चूक. ते शेजारच्या बायोको बेटावरचं शहर. बरोबर उत्तर होतं साओ टोमे. तेवढ्यात मागून माझी रूममेट ओरडली, “साओ टोमे? ते तर आमच्या पणजीत आहे. पोस्टाच्या मागे!”

सगळी गच्ची हसली. ती मात्र हसली नाही. रूमवर आल्यावर म्हणाली, “तुम्ही कोल्हापूरवाले दर महिन्याला पणजीला जाता. आपण बेटावर जातोय हे तरी माहिती असतं का तुम्हाला?”

खरं सांगू? मला माहिती नव्हतं. तुमच्यातल्या किती जणांना माहिती आहे? म्हणून हा लेख. विषय भूगोलाचा आहे, पण वाटतो तेवढा कोरडा नाही. उलट फारच ओला आहे.

१. स्थान आणि विस्तार

कोल्हापूरहून पणजी साधारण सव्वादोनशे किलोमीटर. गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, म्हापसा असं करत आपण मांडवीच्या पुलावर येतो. गाडीतले सगळे कॅसिनोच्या बोटींकडे बघत असतात. पण त्या क्षणी आपण मुख्य भूमी सोडून बेटावर उतरत असतो. त्या बेटाचं नाव तिसवाडी.

नकाशा समोर घ्या. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पश्चिमेला अरबी समुद्र. राहिली पूर्व बाजू. तिथे मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आहे. पणजीहून फोंड्याला जाताना बाणस्तारीला जो पूल लागतो तो त्याच्यावरचा. या कालव्यात मगरी आहेत, आणि त्या बघायला लोक पैसे देऊन बोटीतून जातात. म्हणजे चारी बाजूंनी पाणी. शाळेतली बेटाची व्याख्या शंभर टक्के लागू!

तीस वस्त्या म्हणून तिसवाडी, असं नावाबद्दल सांगतात. पोर्तुगीज या भागाला ‘इल्हास’ म्हणजे ‘बेटे’ म्हणत. कारण मोठ्या बेटाच्या अंगाला चोडण, दिवाडी, जुवें, कुंभारजुवें अशी छोटी बेटंही आहेत. आजचा तिसवाडी तालुका या सगळ्यांना धरून दोनशे चौरस किलोमीटरच्या थोडा वर भरतो. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या वर होती आणि पणजी महापालिकेची फक्त ४० हजारांच्या आसपास. राज्याची राजधानी आणि ४० हजार माणसं! आपल्याकडे इचलकरंजीसुद्धा याच्या कितीतरी पट मोठी.

आता तुलनेसाठी खरं साओ टोमे बघू. गिनीच्या आखातातलं हे बेट साधारण ८५० चौरस किलोमीटरचं, म्हणजे तिसवाडीच्या चौपट. प्रिन्सिपे हे धाकटं बेट धरून देशाचं क्षेत्रफळ जेमतेम हजार चौरस किलोमीटर. विषुववृत्ताची रेषा बेटाच्या दक्षिण टोकाजवळच्या रोलास नावाच्या चिमुकल्या बेटावरून जाते. तिथे तशी खूण बांधलेली आहे. एक पाय उत्तर गोलार्धात आणि एक दक्षिणेत ठेवून फोटो काढता येतो. पोर्तुगीज खलाशी १४७० च्या सुमारास तिथे पोचले तेव्हा बेटावर माणूस नव्हता. सेंट थॉमसच्या सणाला बेट दिसलं म्हणून साओ टोमे, असं मानतात. त्याच संताच्या नावाचा पणजीतला भाग म्हणजे जुन्या टपाल कचेरीच्या आसपासचा ‘सांव तोमे’ वाडा. चेन्नईचं सांथोम पण त्याच संताचं. म्हणजे माझी रूममेट चूक नव्हती. क्विझमध्ये अर्धा मार्क तिला द्यायला हवा होता.

२. जमीन आणि खडक

साओ टोमे हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट. सगळ्यात उंच शिखर २,०२४ मीटरचं. तिथे पिको काओ ग्रान्दे नावाचा एक सुळका आहे. जुन्या ज्वालामुखीच्या नळीत लाव्हा थिजला, बाजूचा मऊ भाग झिजून गेला आणि आतला दांडा जंगलातून तीनशे मीटरच्या वर उभा राहिला. फोटो बघितला तर खरा वाटत नाही.

तिसवाडीला असलं काही नाटक नाही. लहान टेकड्या, वर जांभा दगड, खाली सखल खाजणं. संपलं. आपल्या पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा आहे तसाच, पण त्याच्या खालचा खडक वेगळा. आपला बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. गोव्याचे मूळ खडक कित्येक पटींनी जुने, दोनशे कोटी वर्षांच्याही आधीचे. भूगोलाच्या हिशेबात साओ टोमे नातू, सह्याद्री आजोबा आणि गोवा खापरपणजोबा!

जांभ्याचा एक गुण लक्षात ठेवा. तो सच्छिद्र असतो. पाणी गिळतो आणि पायथ्याला सोडतो. पणजीत आल्तिन्यो टेकडीच्या पायथ्याला फोंतेन्यश नावाचा जुना वाडा आहे. नावाचा अर्थच ‘छोटे झरे’. मोझांबिकमध्ये पैसा कमवून परत आलेल्या एका गोवेकराने अठराव्या शतकात हा वाडा वसवला असं सांगतात. लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणत. म्हणजे इथेही आफ्रिका आलीच.

३. हवामान

साओ टोमेवर पावसाचे वारे नैर्ऋत्येकडून येतात. त्यामुळे डोंगराच्या नैर्ऋत्येला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि ईशान्येला त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. राजधानी कुठे असेल, ओळखा. अर्थात ईशान्येला! वाऱ्यापासून आडोसा, कोरडी हवा, बऱ्यापैकी सपाट जमीन आणि आना शावेस नावाचा उपसागर. बंदराच्या तोंडाशी १५७५ सालचा साओ सेबास्तियाओ किल्ला आहे. आता तिथे संग्रहालय आहे.

हे वाचताना मला आपलाच जिल्हा दिसला. गगनबावड्याला पाच-सहा हजार मिलिमीटर, कोल्हापुरात हजारभर आणि आमच्या शिरोळला पाचशे-सहाशे. एकाच जिल्ह्यात! पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय ते समजायला आफ्रिकेत जायची गरज नाही. गगनबावड्याच्या एसटीत बसावं आणि नंतर शिरोळच्या.

तिसवाडी लहान आणि बुटकी, त्यामुळे तिथे असा फरक पडत नाही. सगळीकडे सारखाच धो धो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पण या पावसाबरोबर तिथे दुसरं एक पाणी आहे. ते आपल्याला माहिती नसतं. समुद्राचं.

४. तीन राजधान्या

परीक्षेत विचारण्यासारखा प्रश्न : एवढ्याशा बेटावर राजधानी तीन वेळा का हलली?

पहिली राजधानी बेटाच्या दक्षिण बाजूला, जुवारीच्या काठी. नाव गोपकपट्टण किंवा गोवापुरी. आजच्या गोवा वेल्हाचा भाग. अकराव्या शतकात कदंब राजांनी चांदोरहून राजधानी इथे आणली. (गोव्याच्या एसटीला ‘कदंबा’ म्हणतात ते याच घराण्यावरून.) मोठं बंदर होतं. पण काळाच्या ओघात लढाया झाल्या, बंदर गाळाने भरत गेलं, जहाजं येईनात. जहाजं नाहीत तर राजधानी कसली?

मग दुसरी राजधानी उत्तर बाजूला, मांडवीच्या काठी. एला, म्हणजे आजचं जुने गोवे. आदिलशाहीत ते भरभराटीला आलेलं होतं. २५ नोव्हेंबर १५१० ला अफोन्सो द आल्बुकेर्कने ते जिंकलं आणि १५३० पासून पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या मुलखाची राजधानी तिथे आली. शहर अफाट वाढलं. आणि वाढलं म्हणूनच मेलं. साथीमागून साथी आल्या. सांडपाणी सच्छिद्र जमिनीतून विहिरींत झिरपत असे, असं सांगतात. (जांभ्याचा गुण लक्षात ठेवा म्हटलं होतं ना?) आज तिथे चर्चेस उभी आहेत, ती १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पण शहर नाही. मधल्या रिकाम्या हिरवळीवरून चालताना मला कसंतरीच झालं.

मधे एक आपल्या जवळची गोष्ट सांगते. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवें बेटावरचा किल्ला घेतला. जुने गोवे तिथून अगदी जवळ. वेळ कोणती निवडली? ओहोटीची! खाडीत पाणी कमी असतानाची. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय स्वतः सैन्य घेऊन आला आणि मार खाऊन परत गेला. त्यानंतर त्याने राजधानी मुरगावला हलवायचा घाट घातला, पण ते काम पूर्ण झालं नाही. इतिहासाच्या पुस्तकात तारीख असते, तलवार असते. भरतीचं वेळापत्रक नसतं. खरं तर ते पण छापायला हवं.

तिसरी राजधानी पणजी. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला आला. १८२७ ते १८३५ या काळात दों मान्युएल द पुर्तुगाल इ काश्त्रू याने वाळूच्या टेकड्या सपाट केल्या, दलदली भरल्या, रस्ते आखले. २२ मार्च १८४३ ला पणजी ‘नोवा गोवा’ या नावाने अधिकृत राजधानी झाली. बेटाचं पश्चिम टोक, समुद्र जवळ, हवा मोकळी आणि पाठीशी आल्तिन्यो टेकडी.

गंमत म्हणजे साओ टोमेची पण राजधानी हललेली आहे. १७५३ ते १८५२ पर्यंत ती धाकट्या प्रिन्सिपे बेटावर सांतो आंतोनियो गावात होती. नंतर परत साओ टोमेला आली. राजधानी म्हणजे कायमची जागा असं आपल्याला वाटतं. बेटावर तसं नसतं. तिथे पाणी ठरवतं.

५. आर्थिक भूगोल

साओ टोमेचं थोडक्यात सांगते. आधी ऊस, मग कॉफी, मग कोको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगात सर्वांत जास्त कोको पिकवणाऱ्या प्रदेशांत हे बेट होतं. पण मळ्यांवर मजुरांचे हाल गुलामांसारखे. म्हणून १९०९ साली कॅडबरी आणि इतर इंग्लिश कंपन्यांनी तिथला कोको घेणं बंद केलं. १२ जुलै १९७५ ला देश स्वतंत्र झाला. गोवा त्याच्या आधी, १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला होता. कॅन्टीनमध्ये चॉकलेट खाताना एकदा हे आठवून बघा.

तिसवाडीत कोको नाही. तिथे आहे भात, मासे, मीठ, आणि आता पर्यटन आणि सरकारी कचेऱ्या. बेट जोडणारे पूल हा आपल्या सिव्हिलवाल्यांचा विषय. पणजी ते रायबंदर हा पाणथळ भागातून गेलेला तीनेक किलोमीटरचा दगडी रस्ता १६३० च्या दशकातला आहे. आजही त्यावरून बस जाते! उलट मांडवीवरचा पहिला मोठा पूल बांधल्याला वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती, आणि ५ जुलै १९८६ ला तो कोसळला. खाऱ्या हवेत प्रीस्ट्रेसिंगच्या तारा गंजल्या हे त्याचं मोठं कारण. आता तिथे २०१९ साली सुरू झालेला केबलचा अटल सेतू आहे, आणि जुवारीवरचा नवा केबलचा पूल २०२२ आणि २०२३ मध्ये दोन टप्प्यांत खुला झाला. कोरोजनचं युनिट ऑप्शनला टाकणाऱ्यांनी मांडवीचा पूल आठवावा.

६. मानस

आता लेखाचा खरा भाग. इथपर्यंतचं पुस्तकात मिळेल.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी रूममेटच्या घरी गेले. तिचं घर दिवाडी बेटावर. जुन्या गोव्याहून फेरीबोट. नदी ओलांडायला पाच-सात मिनिटं, पण पलीकडे एकदम शांत. घरात ती, आई-बाबा आणि आजोबा. ती त्यांना ‘आजो’ म्हणते, म्हणून मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजो आम्हाला शेत दाखवायला घेऊन गेले. मी हिरवं-पिवळं भात बघायच्या तयारीत. बांधावर चढलो आणि समोर नुसता चिखल. पांढरट थर आणि काळे कुजलेले बुडखे. त्या पावसाळ्यात बांध फुटला होता. खारं पाणी आत आलं आणि पीक गेलं.

खाजण म्हणजे काय ते इथे समजून घ्या. ही जमीन भरतीच्या पातळीच्या खाली असते. शेकडो वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी खाडीच्या कडेने माती आणि जांभ्याचे बांध घालून ती मिळवली. गोव्यात असं जवळजवळ १८ हजार हेक्टर खाजण मोजलेलं आहे. पावसाचं पाणी जमिनीतला खारटपणा धुतं आणि कोरगूट नावाचं खारं सोसणारं भात होतं. पण पावसाचं पाणी बाहेर जायला हवं आणि भरतीचं पाणी आत यायला नको. दोन्ही एकाच भोकातून! त्या भोकावर जो लाकडी दरवाजा असतो, त्याला म्हणतात मानस.

आजोंनी मला त्यांची मानस दाखवली. एका बाजूची चौकट उखडली होती. म्हणाले, “तुम्ही दोघी इंजिनियर. सांगा, कशी नीट करायची?”

मी लगेच सुरू झाले. आरसीसीची भिंत, स्टीलचं गेट, मोटर, फ्लोट स्विच, जमलं तर मोबाईलवरून कंट्रोल. आजोंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “पावसात लाईट गेल्यार?” मी गप्प. “आणि लोखंड कितीं वर्सां उरतलें?” मी अजूनच गप्प. मांडवीचा पूल मला तेव्हा आठवायला हवा होता.

मग ते आम्हाला शेजारच्या वाड्याच्या चालू मानशीवर घेऊन गेले. ओहोटी होती. झडपा बाहेरच्या बाजूला थोड्या उघडलेल्या, आतलं पाणी खळखळ बाहेर चाललेलं, आणि तोंडाला लावलेल्या जाळ्यात कोळंबी उड्या मारतेय. आम्ही बसून राहिलो. तासाभराने प्रवाह मंदावला. थांबला. मग कुणी हात न लावता झडपा हळूहळू सरकल्या आणि धप्प करून चौकटीवर बसल्या. भरती सुरू झाली होती. आजो हसले. “उदकाक सगळें कळटा, बाय.”

पाण्याला सगळं कळतं.

परत येऊन मी फ्लुइड मेकॅनिक्सची वही काढली. सेकंड इयरला हा भाग मी पाठ करून पास झाले होते. झडप १ मीटर रुंद धरा. भरतीला बाहेर २ मीटर पाणी, आत १ मीटर. दोन्हीकडच्या दाबातला फरक म्हणजे अर्धा गुणिले ९,८१० गुणिले (४ वजा १). उत्तर १४,७१५ न्यूटन, म्हणजे साधारण दीड टन. दीड टनाने दार बंद! आता ओहोटी. बाहेर अर्धा मीटर, आत १ मीटर. फरक उलटा होतो, साधारण ३,६८० न्यूटन, म्हणजे पावणेचारशे किलो. बिजागरीवरचं लाकडी दार उघडायला पुरेसं. मोटर नाही, बिल नाही, वॉचमन नाही. चंद्र हाच ऑपरेटर. २४ तास ५० मिनिटांत दोनदा भरती, दोनदा ओहोटी. सुट्टी नाही.

पण गणिताने एक गोष्ट अजून दाखवली. भरतीच्या सहा तासांत दार बंद असताना वरून पाऊस पडत राहिला तर ते पाणी जाणार कुठे? त्यासाठी खाजणात मुद्दाम सखल तळी ठेवलेली असतात. पोय म्हणतात त्यांना. पाणी तिथे थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. म्हणजे दार जेवढं महत्त्वाचं, तेवढीच रिकामी ठेवलेली जागा. पणजीत जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की रस्त्यांवर पाणी का साचतं, त्याचं एक मोठं कारण इथे आहे. थांबायच्या जागा आपण भरून टाकल्या.

हे लिहिताना मी थांबले. कारण मला आमचं घर आठवलं.

७. शिरोळ

मी शिरोळ तालुक्यातली. नृसिंहवाडीपासून जवळ. ऑगस्ट २०१९ मध्ये मी चौदा वर्षांची होते. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत गेलं. आम्ही एका शाळेत आठ दिवस होतो. माझ्या कॉन्व्हेंटच्या वह्या, बाबांची खतावणी, आजीचं कपाट, सगळं गेलं. सगळ्यात वाईट आठवण पाणी चढल्याची नाही. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी पाणी उतरेना, ती आहे. बाबा दिवसातून चार वेळा जाऊन एका खांबावरची खूण बघून यायचे. “आहे तिथंच आहे,” एवढंच म्हणायचे.

तेव्हा मला कळलं नव्हतं, आता मानस बघून कळलं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच भरलेली असली तर पंचगंगेला जायला वाट नाही. पाणी मागे तुंबतं. म्हणजे कृष्णेचा फुगवटा ही आमची भरती. फरक एवढाच की दिवाडीची भरती सहा तासांत उतरते आणि आमची कधी उतरेल ते कुणी सांगू शकत नाही. आणि पाणी थांबायच्या जागा? नदीकाठच्या सखल जमिनी, जुने ओढे? तिथे आम्ही प्लॉट पाडले. आमचं घरसुद्धा अशाच एका प्लॉटवर आहे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

२०२१ नंतर बाबा म्हणत होते, घर जॅकने उचलून घेऊ. मी सुट्टीत त्यांना झडपेची आकृती काढून दाखवली आणि पोयची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे घर उचलून भागायचं नाही तर.” गेल्या महिन्यात त्यांनी मागच्या ओढ्यावर भर घालून शेड टाकायचा बेत रद्द केला. ओढा एकट्याने वाचत नाही, मला कळतं. पण एक तरी.

८. आणि त्या बांधाचं काय झालं?

फुटलेला बांध एक-दोन वर्षं तसाच राहिला की आत कांदळवन येतं. कांदळवन चांगलं, ते कायद्याने राखलेलंही आहे. पण एकदा ते शेतात रुजलं की काढता येत नाही आणि शेत कायमचं जातं. त्यामुळे पुढच्या पावसाळ्याच्या आत बांध आणि मानस नीट व्हायलाच हवी होती. रूममेटचे बाबा म्हणत होते, सोडून देऊ या. मजूर मिळत नाहीत, भाताला भाव नाही. आजो काहीच बोलत नव्हते.

जानेवारीत रूममेट चार दिवस गावी गेली. तुम्हाला वाटलं असेल की आजारी पडली. नाही. ती चिखल वाहायला गेली होती. वाड्यातली घरं एकत्र आली, ओहोटीच्या वेळा बघून रोज दोन-तीन तास काम, मग पाणी आलं की बंद. भांडणारे पण आले. परत आली तेव्हा तिच्या हाताला फोड होते. जर्नल सबमिशन चुकलं. (तिचे दोन प्रयोग कुणाच्या अक्षरात आहेत हे सरांनी ओळखलं असेल तर त्यांनीही पोटात घालावं.) नवी झडप सुताराने लाकडाचीच केली. मापं मात्र आम्ही दोघींनी काढून दिली. आजोंनी ती बघितली, दोन इंच कमी करायला सांगितली आणि बरोबर सांगितली.

शेत लगेच पिकणार नाही. खारटपणा धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतील असं आजो म्हणतात. ते ऐंशीच्या पुढे आहेत. तरी त्यांनी कोरगुटाचं बी शेजाऱ्याकडून मागून ठेवलं आहे. जूनमध्ये कळेल.

तर मंडळी, क्विझमध्ये मी हरले ते बरंच झालं. मला दोनशे देशांच्या राजधान्या पाठ होत्या आणि आमचं पाणी कुठे जातं ते माहिती नव्हतं. मानस, पोय, खाजण, कोरगूट, फुगवटा हे शब्द मला इंग्लिशमध्ये कुणी शिकवले नाहीत. आजोंनी आणि बाबांनी शिकवले. म्हणून मराठीतून लिहिलं.

पुढच्या वेळी पणजीला जाल तेव्हा पुलावरून खाली बघा. पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते बघा. समुद्राकडे चाललं असेल तर कुठेतरी एक लाकडी दार उघडं आहे असं समजा.